गाव वगळून

इर्या रौटिओला काही मागायचं असलं की ती आल्या आल्या मागत नाही. आधी हवेचं होतं, मग सरोवराचं पाणी यंदा किती खाली गेलंय त्याचं, मग माझ्या टोमॅटोंवरच्या किडीचं. कॉफीचे दोन पेले होतात. मग ती उठते, कोट चढवते, दाराच्या मुठीवर हात ठेवते आणि दाराकडे तोंड करून जे बोलते, त्यासाठी ती आलेली असते.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी दाराकडे तोंड करून ती म्हणाली, "वाचनालयाच्या पुस्तकविक्रीचं तू काहीतरी फोनवर टाकलं होतंस म्हणे. लोकांना आपोआप दिसत होतं."

"फेसबुकवरची जाहिरात. हो, मीच केली होती."

"अवघड असतं का?"

"मुळीच नाही. तुला करायची आहे?"

"असं मी कुठे म्हटलं," ती म्हणाली, आणि कोट काढून परत बसली.

स्टोनी हार्बरला येऊन मला तेवीस वर्षं झाली. इर्या इथेच जन्मली, गावाबाहेरच्या शेतघरात, बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. चाळिशीच्या आतलं अर्धं गाव तिच्या हातचं जेवून वाढलेलं आहे. वाढताना ती बोलायची नाही, पण कुणाला वाटाणे चालत नाहीत, कुणाच्या घरी सध्या दुपारचं हेच काय ते पोटभर जेवण आहे, हे तिला पाठ असायचं आणि डाव त्या हिशोबाने पडायचा. माझी मुलगी या शाळेत पहिल्या दिवशी रडली तेव्हा हिने तिच्या ताटात काही न बोलता दोन बिस्किटं जास्त ठेवली होती. मुलगी आज सव्वीसची आहे, अजून सांगते.

शाळा सुटली की घरी माग. इर्याच्या सासऱ्याने मेपलच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता केलेला हातमाग घराच्या मागच्या खोलीत आहे. आहे म्हणजे इतका आहे, की खोली आधी झाली की माग, असा प्रश्न पडावा. त्यावर ती चिंध्यांच्या सतरंज्या विणते. आपल्याकडे जुनी लुगडी गोधडीत जातात, तसं इथे घरातलं जुनं सगळं सतरंजीत जातं. माणसं पिशव्या भरभरून फाटके शर्ट, चादरी, पडदे घेऊन यायची. इर्याचा नवरा लॉयड गावचे रस्ते साफ करणारी बर्फाची गाडी चालवायचा. बर्फ नसलेल्या दिवसांत तो संध्याकाळी बसून त्या कपड्यांच्या पट्ट्या फाडायचा, टोकाला टोक शिवायचा आणि गुंडे करायचा. इर्या विणायची. घरातलं कुणी गेलं की वर्षाच्या आत त्याचे शर्ट तिच्याकडे यायचे, आणि मग तो माणूस शनिवारी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, दारात पायाखाली निळा-तांबडा होऊन पडलेला असायचा. यात कुणाला काही वाटत नाही. उलट नाही दिले तर वाटतं.

चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये लॉयड गेला. त्यानंतर पिशवी आली नाही.

पहिलं वर्ष तिला वाटलं, लोक दुखवटा पाळताहेत. दुसऱ्या वर्षी वाटलं, सगळे मोठ्या दुकानातून आणत असतील, तिथे चार डॉलरला रबराची मिळते. तिसऱ्या वर्षी तिने धर्मादाय दुकानातून जुन्या चादरी विकत आणल्या आणि कुणाच्याच नसलेल्या सोळा सतरंज्या विणल्या. त्या गुंडाळ्या करून जिन्याखाली उभ्या करून ठेवल्या होत्या. मी एकदा म्हटलं, छान झाल्यात. ती म्हणाली, "यात कोणी नाही."

मुलगा ग्लेन ॲरिझोनात, टूसॉनजवळ, बायको डेनाबरोबर. घरांना थंड हवेची यंत्रं बसवायचा त्याचा धंदा आहे. वसंतात तो फोनवर म्हणाला होता, इथे एक खोली आहे, तुला हवं असेल तर. ती म्हणाली होती, बघू. पुढे दोन फोन झाल्यावर एवढं ठरलं, की हरणांची शिकार सुरू होण्याआधी, म्हणजे पंधरा नोव्हेंबरच्या आत, तिने काय ते सांगायचं. हिवाळ्याचं लाकूड घ्यायचं की घर विकायला काढायचं, हे त्यावर अवलंबून.

"मागाला हिवाळाभराचं काम असेल तर राहते," तिने मला त्या सकाळी दुसऱ्यांदा कोट चढवताना सांगितलं. "नसेल, तर मग माग कशाला आणि मी तरी कशाला."

म्हणून जाहिरात.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागच्या खोलीत बसले. आधी फोटो. तिला स्वतःला त्यात यायचं नव्हतं. मागाचाही नको म्हणाली, "माग बघून लोक काय करणार?" शेवटी पायरीवर एक सतरंजी अंथरून तिचा काढला. कोपऱ्यात इर्याच्या बुटाचं टोक आलं. ते कापून टाकायला सांगत होती, मी ऐकलं नाही.

मग मजकूर. मी लिहिलं, 'सुंदर, हातमागावर विणलेल्या, आयुष्यभर टिकणाऱ्या.' तिने चष्मा लावून वाचलं आणि सुंदर काढायला लावलं. सुंदर आहेत की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मग आयुष्यभर काढायला लावलं, कारण कुणाचं आयुष्य किती ते आपल्याला काय ठाऊक. हातमाग राहू दिला, तो खरा होता. तासाभराने जे उरलं ते असं: 'चिंध्यांच्या सतरंज्या हातमागावर विणून मिळतील. चिंध्या तुमच्या. बऱ्या होतात.'

"बऱ्या होतात?" मी म्हटलं. "इर्या, हे वाचून कोण येईल?"

"का? वाईट होतात का?"

इथल्या लोकांत 'बरं आहे' ही वरची पायरी. लग्नातली नवरी बरी दिसते, मुलाला शिष्यवृत्ती मिळाली तर बरं झालं. मी मजकूर तसाच ठेवला.

आता कुणाला दाखवायची ते. नकाशावर गावाच्या जागी टाचणी टोचली की भोवती गोल येतो. त्या गोलातल्या लोकांना जाहिरात दिसते. पंचवीस मैलांचा गोल काढला तर निम्म्याहून जास्त सरोवरात पडला. पडणारच, गावच काठावर आहे. इर्या बराच वेळ त्या निळ्या अर्ध्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माशांचे पैसे धरतात का?" दिवसाला पाच डॉलर ठरवले होते. ते मासे सोडून माणसांवरच खर्च होतात, अशी मी तिची खात्री पटवली.

मग तिने विचारलं, "यातून आपलं गाव काढता येतं का?"

मला वाटलं, अजून चेष्टाच चालली आहे. म्हटलं, गाव काढलं तर राहिलं काय, अस्वलं?

ती हसली नाही. "गावाला माहीत आहे मी कुठे राहते. हवं असतं तर आले असते. आता त्यांच्या फोनवर माझी जाहिरात गेली तर येतील, पण बिचारी म्हणून येतील. ती टपालातली डोरीन चांगली धडधाकट चादर फाडून आणेल. ते मला नको."

हे ती माझ्याकडे तोंड करून बोलली, म्हणून मला पुढे वाद घालवला नाही. चूक आहे हे कळत होतं. ज्या वस्तूला घरातली चिंधी लागते ती शेजारच्या घरातूनच येणार, हे कळायला जाहिरातीचं शिक्षण लागत नाही. पण तिचा चेहरा असा होता, की मी नकाशावर 'वगळा' निवडलं आणि स्टोनी हार्बर वगळलं. तिच्या सांगण्यावरून काठाकाठाची दोन्ही बाजूंची गावंही वगळली, तिथे लॉयडचे नातेवाईक राहतात. नकाशावर ते सांबारात अर्धा बुडालेल्या मेदूवड्यासारखं दिसू लागलं, मधोमध भोक. मग इथली पोरं जिथे जिथे नोकरीला गेली आहेत ती लांबची शहरं घातली. मिनिआपोलिस, मिलवॉकी, डेट्रॉइट. वय पस्तीसच्या पुढे. आवड या रकान्यात इर्या म्हणाली, "जुने शर्ट." असा रकाना नव्हता. घरकाम आणि विणकाम घातलं.

जाहिरात मंजूर होऊन दुसऱ्या दिवशी सुरू झाली. दुपारी इर्याचा फोन.

"माझ्या फोनवर दिसत नाही."

"तू गावात राहतेस."

मग म्हणाली, "हो, तेही आहेच."

तिची जाहिरात तिला एकदाही दिसली नाही, मलाही नाही. आम्हाला दिसायचे फक्त आकडे. पहिल्या आठवड्यात एकवीसशे लोकांनी पाहिली. ती मागाच्या बाकावर बसून, फोन मांडीवर ठेवून, तो आकडा वाढताना बघायची. एकवीसशे म्हणजे स्टोनी हार्बरची दीड गावं. म्हणाली, "इतक्या लोकांनी बघितलं आणि एक बोललं नाही. चर्चसारखंच आहे."

नंतर बोलू लागले. बदाम यायचे, लाल. कुणी लिहायचं, माझ्या आजीकडे अशीच होती. कुणी लिहायचं, हा वास आत्ता आला मला. इर्या प्रत्येकाला उत्तर द्यायची, एका बोटाने, पाच-पाच मिनिटं लावून. 'आभार. तुमच्या आजीचं नाव काय होतं?' नाव कुणी सांगायचं नाही. बदाम टाकून माणूस पुढे गेलेला असायचा. हे मी तिला दोनदा सांगितलं, की तिथे लोक थांबत नाहीत, वाटेवरून जाता जाता हात करतात तसं असतं. ती म्हणाली, "हात केला तर आपणही करायचा असतो ना." आणि तिसऱ्या माणसाला त्याच्या आजीचं नाव विचारलं.

ऑक्टोबरात सोमवारी आणि गुरुवारी मी तिच्याकडे जाऊ लागले, आकडे बघायचं निमित्त. तसे ते तिला एव्हाना माझ्यापेक्षा चांगले वाचता येत होते. किती जणांनी पाहिली, किती जण थांबले, त्यातल्या बायका किती, पासष्टच्या पुढच्या किती. एकदा मला म्हणाली, डेट्रॉइटला कुणीतरी पहाटे चार वाजता बघतं, रोज. तेच माणूस आहे की वेगवेगळी ते कळत नाही. तिला ते एकच वाटत होतं. कुणी बाई असावी आणि तिला झोप येत नसावी. ही स्वतः कधी जागी असते, ते मी विचारलं नाही.

काम म्हणाल तर सात आठवड्यांत तीन. दोघांनी विणलेली तयार मागितली. त्यांना जिन्याखालच्या दोन गेल्या. तिसरी डेट्रॉइटजवळची एक बाई होती. तिने खोक्यातून अकरा फ्लॅनेलचे शर्ट पाठवले, धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून. वर चिठ्ठी होती: 'हे टॉमचे. काय करायचं कळत नव्हतं.' इर्याने ते शर्ट दोन दिवस नुसते खुर्चीवर ठेवले. फाडायला लॉयड नव्हता, आणि त्या कुणाच्याच नसलेल्या चादरी सोडल्या तर फाडायचं काम तिने आयुष्यात केलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी गेले तर ती पट्ट्या फाडत बसली होती. एकेका शर्टाची बटणं काढून काचेच्या वाटीत ठेवलेली. सतरंजीबरोबर तिने तीही परत पाठवली. त्या बाईचं उत्तर आलं, पोचली. एवढंच. इर्याला त्यात काही कमी वाटलं नाही, ती त्याच शाळेतली.

पण तीन सतरंज्यांनी हिवाळा जात नाही. ऑक्टोबर संपला, पहिलं बर्फ पडून वितळलं. लाकूडवाल्याने फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात सांगते. घर विकणाऱ्या बाईचं कार्ड तिच्या फ्रिजवर लागलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चर्चच्या तळघरात जेवण असतं. गावासाठी, दरवर्षी. मी चर्चची नव्हे, पण बटाटे सोलायला कुणीही चालतं. माझ्या एका बाजूला डोरीन होती, टपालकचेरीतून निवृत्त झालेली, गावातलं निम्मं तिला ठाऊक आणि उरलेलं ती विचारून घेते. बोलता बोलता तळघर साफ करण्याचा विषय निघाला आणि ती म्हणाली, पाय ठेवायला जागा नाही, चार वर्षांच्या चिंध्या साठल्यात, तीन पिशव्या नुसत्या आईच्या घरच्या.

मी सुरी थांबवली. "कशासाठी साठवल्यास?"

"सतरंजीसाठी. दुसरं कशासाठी?"

"मग इर्याकडे दिल्या का नाहीस?"

"अगं, तिने बंद केलं ना. लॉयड गेल्यावर."

"तुला कोण म्हणालं?"

डोरीनने पलीकडच्या बाईकडे बघितलं, तिने तिच्यापलीकडच्या. कुणीच म्हणालेलं नव्हतं. पट्ट्या लॉयड फाडायचा, लॉयड गेला, म्हणजे बंद. सगळ्यांनी आपापल्या घरी हे धरून ठेवलं होतं. एकीच्या घरी पाच पिशव्या होत्या, दुसरीच्या घरी नवऱ्याचे शर्ट अजून कपाटात. ती तिसरी, हार्डवेअरच्या दुकानवाल्याची बायको लोइस, म्हणाली की तिचा नवरा मर्व दर वसंतात सौनाच्या दारात उभा राहून म्हणतो, बापाची सतरंजी विरली, आता काय करायचं.

"मग एकदा विचारायचं ना तिला," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला असावा.

डोरीन माझ्याकडे अशी बघू लागली, की तेवीस वर्षं राहून ही अजून कोरीच. "नवरा गेलेल्या बाईच्या दारात चिंध्यांची पिशवी घेऊन उभं राहायचं? तिने हो म्हटलं असतं गं. नाही म्हणायची नाही ती. म्हणून तर विचारायचं नाही."

मी उरलेले बटाटे सोलले. जाहिरातीचं बोलले नाही. ती इर्याची होती, आणि या बायकांना दिसू नये म्हणूनच तशी केलेली होती. पण घरी जाताना गाडी तिच्या दारात आपोआप वळली.

तिला सगळं सांगितलं. डोरीनच्या तीन पिशव्या, लोइसचा नवरा, कपाटातले शर्ट. सांगताना मला वाटत होतं, ही आता आनंदेल. ती मागाच्या बाकावर बसून होती. हात मांडीवर, एकावर एक.

"चार वर्षं," ती म्हणाली.

मग म्हणाली, "मी त्यांच्या दुकानातून खिळे आणते. दर महिन्याला. मर्व मला खिळे मोजून देतो."

मी म्हटलं, मी जाऊन सांगू का सगळ्यांना? एक वाक्य आहे. तिने मान हलवली. म्हणाली, तू सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत, मग त्यांनी खरंच आणलं की भिडेने, हे आपल्याला कधीच कळणार नाही. जाहिरातीची कुणाला भीड पडत नाही. ज्याला नको तो अंगठ्याने वर सारून पुढे जातो, आणि त्याला कुणी बघितलेलं नसतं.

"काढ ते वगळलेलं," ती म्हणाली.

मी फोन तिच्या हातात दिला. जागा दाखवली. गावाच्या नावापुढची फुली तिने स्वतः दाबली. मग काठाकाठाच्या दोन गावांची. मग लांबची तिन्ही शहरंही काढली. डेट्रॉइटवर बोट जरा थांबलं होतं.

त्या संध्याकाळी माझ्या फोनवर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली, इर्याची पायरी आली, सतरंजी आणि बुटाचं टोक. 'बऱ्या होतात.' इतकं एकटं काही मी त्या फोनवर आधी पाहिलं नव्हतं.

रविवार गेला, सोमवार गेला. गावात आठशे नव्वद जणांनी पाहिली होती, म्हणजे पस्तिशीच्या पुढच्यांत ज्यांच्याकडे फोन आहे ते जवळजवळ सगळे. बदाम एकही नाही. कुणी आजीची आठवण काढली नाही, किराणा दुकानात कुणी तिच्याशी काही बोललं नाही. मर्वकडे ती मुद्दाम जाऊन आली. त्याने हवेबद्दल विचारलं. मंगळवारी मला म्हणाली, "आता कळलं तरी." घर विकणाऱ्या बाईचं कार्ड फ्रिजवरून काढून तिने फोनजवळ ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी साडेसहाला ती कॉफी करत होती. अंगणात गाडी आल्याचा आवाज झाला, दार उघडल्याचा, मग ओसरीवर काहीतरी ठेवल्याचा. ती दाराकडे जायला निघाली तोवर गाडी मागे गेली होती. ओसरीवर दोन काळ्या पिशव्या, तोंडाला चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने नाव आणि फूट: 'मर्व. तीन बाय सहा. घाई नाही.'

दिवसभरात सात आल्या. गुरुवारी नऊ. दोनदा तर ती खिडकीत उभी होती, दिवा लागलेला होता, बाहेरच्याने आतल्या इर्याला पाहिलं, हात वर केला, पिशवी ठेवली आणि गेला. दार कुणीच वाजवलं नाही. डोरीनने तीन पिशव्या आणून त्यावर लिहिलं होतं, 'जमेल तसं. नाही जमलं तरी चालेल.' शुक्रवारी दुपारी मी गेले तेव्हा एकोणीस पिशव्या मागच्या खोलीत भिंतीला लावून उभ्या होत्या. माग आणि त्या यांच्यामध्ये एका माणसापुरती वाट.

"आला का कुणी आत?" मी विचारलं.

"कशाला येतील? माझं काम वाढलंय, दिसतंय ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी शिकार सुरू होणार होती. रस्त्याने गाड्या रानातल्या खोपट्यांकडे चाललेल्या. ग्लेनला सांगायचा तो दिवस. मी उठू लागले तर म्हणाली, बस, दोन मिनिटांचं काम आहे. फोन बाकावर ठेवून तिने आवाज मोठा केला, कारण तिचे हात एका शर्टाच्या शिवणीत होते.

"मला काम आलंय," ती म्हणाली. "एकोणीस."

"अरे वा," ग्लेन म्हणाला. "बरं झालं, मॉम."

मग त्याने बर्फाचं विचारलं, तिने सांगितलं. तिने तिकडच्या उन्हाचं विचारलं, त्याने सांगितलं. मला वाटलं, झालं.

"मग मी डेनाला सांगतो," तो म्हणाला, "त्या खोलीत तिचं शिवणाचं सामान लावायला. ती केव्हाची म्हणतेय. तसं घाई काही नाही."

"कुठली खोली?"

"मागची. मधली भिंत काढून मोठी केली ना. माग बसला असता. मापं मी तुमच्या त्या मागाजवळच्या जुन्या फोटोवरून काढली होती."

इर्याचे हात थांबले. "कधी केलीस?"

"जूनमध्ये."

"बोलला नाहीस."

"तू ठरवणार होतीस ना," ग्लेन म्हणाला. "मी बोललो असतो तर तू आली असतीस."

थोड्या वेळाने तो म्हणाला, ठेवतो मग, कामावर आहे. ती म्हणाली, हो, ठेव. फोनचा दिवा विझला. बाहेर आणखी एक गाडी गेली, मागे होडीसारखं काहीतरी बांधलेलं. मला बोलायचं होतं. की अजून वेळ गेलेली नाही, की पुढच्या हिवाळ्याला जाता येईल, की माग ट्रकात बसतो. पण त्या एकोणीस पिशव्या तिथेच उभ्या होत्या, नावं लिहिलेल्या, आणि त्यांच्यासमोर ते बोलवेना.

तिने शिवण उसवून पूर्ण केली. शर्टाची पाठ दोन हातांत धरून टर्रकन फाडली, काठ बघितला, पट्टी मांडीवर टाकली. पुढची फाडायला घेतली आणि तशीच धरून राहिली.

"फोटोवरून कशी काढतात गं मापं?" तिने विचारलं.

"फोटोत शेजारी माणूस उभा असेल, तर त्याच्या उंचीवरून काढता येतात," मी म्हटलं.

ती भिंतीकडे बघत होती. तिथे आता तो फोटो नव्हता. तो ग्लेन कधी घेऊन गेला, तेही तिला आठवत नव्हतं.

"लॉयड उभा होता," ती म्हणाली. "सहा फूट एक इंच."

आणि पट्टी फाडली.